वहिनी, तू रोही हाकललेस तेव्हा

वहिनी, काल तुझी तेरवी झाली. आज घर सुस्तावलं आहे. पाहुणे सकाळच्या गाड्यांनी कुणी मेहकरकडे, कुणी दुसरबीडकडे निघून गेले. दादा दोन घास खाऊन गोठ्याकडे गेला. मी वही घेतली आणि तुझ्या शेतात येऊन राखणीच्या माळ्यावर बसले. खाली हरभरा आहे, पलीकडे वांग्यांचे वाफे आहेत आणि ऊन असं पडलंय की डोळे आपोआप मिटतात. मिटले की तू दिसतेस, उघडले की शेत दिसतं. दोन्हींत आज फारसा फरक वाटत नाही.

ह्या तेरा दिवसांत लोकांनी तुझ्याबद्दल खूप चांगलं बोलून घेतलं. सुगरण होती, कष्टाळू होती, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की हे कुणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलताहेत. अध्यात-मध्यात नाही? तू? साखरखेर्ड्यातल्या निम्म्या भांडणांत तू स्वतः असायचीस आणि उरलेल्या निम्म्यांत पंच म्हणून. पण मेलेल्या माणसाला लोक असं धुऊन-पुसून ठेवतात, आणि मी नणंद पडले, त्यातून नागपूरची. मान हलवत बसले.

मला तुझ्याशी फक्त एका संध्याकाळबद्दल बोलायचं आहे. ताडोब्याच्या जंगलातली, मचाणावरची. कोणती ते तुला सांगायला नको. आठ वर्षं ती माझ्या घशात अडकून आहे. तू होतीस तोवर तोंड उघडलं नाही आणि आता तू नाहीस तर तोंडाला खळ नाही. माझं हे असंच असतं, तुला ठाऊक आहे.

पण आधी थोडं चांगलं आठवू दे.

लग्न होऊन मी नागपूरला गेले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. शेजारपाजारचे लोक शहराची राजधानी गेली म्हणून अजून हळहळायचे, घरची दुभती म्हैस विकल्यासारखे. हे सरकारी कचेरीत कारकून. दोन खोल्या, चार बिऱ्हाडांत एक नळ, आणि खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत. मी सात वर्षांची होते तेव्हा तू आमच्या घरात आलीस, नऊची असताना आई गेली, आणि तेव्हापासून माझी वेणी तुझ्याच हातात होती. ती वेणी आता माझी मला घालावी लागायची आणि रोज वाकडी व्हायची. पहिल्याच हिवाळ्यात मी पत्र लिहिलं की इथे सगळं आहे, पण लांबवर पाहायला काही नाही. तू ते दादाकडून दोनदा वाचून घेतलंस म्हणे. संक्रांत झाली आणि मेहकरला गाडी बदलून, अकोल्याला आगगाडी धरून तू माझ्या दारात उभी. डोक्यावर वांग्यांची टोपली आणि काखेत तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा, हा एवढा भारा.

"वहिनी, काड्या कशाला आणल्या? नागपुरात लाकूड मिळत नाही का?"

"मिळत अशीन वो. पन भरीत तुराट्यावरच भाजा लागते. तुह्या इथल्या कोळशाचा वास लागते वांग्याले."

"आणि आगगाडीत चढू दिलं तुला?"

"काऊन नाही देनार? मी मास्तरले म्हनलं, बाबू, काड्या हायेत, बंदूक नाही."

हे आतल्या खोलीत इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिथेच त्यांनी ठरवलं, वहिनी आल्याच आहेत तर शनिवारी ताडोब्याला जायचं. कचेरीतले लोक हिवाळ्यात तसे जायचे. शनिवारी अर्ध्या दिवसाने निघायचं, जंगलातल्या बंगल्यात मुक्काम करायचा, रविवारी वाघ पाहून किंवा न पाहता परत. बहुतेक न पाहताच. चांद्यापर्यंत एस. टी., आणि पुढे आपण बांबूच्या ट्रकमध्ये बसून गेलो, आठवतं? तू ड्रायव्हरला सगळ्या वाटभर विचारत होतीस की घरी कोण कोण असतं.

बंगल्याच्या दारातच रखवालदाराने तो भारा पाहिला.

"बाई, जंगलात इस्तो पेटवाची मनाई हाये."

"मंग तुमी सैपाक कशावर करता?"

"आमच्या चुलीवर."

"तं मीबी तुमच्याच चुलीवर करतो म्हना. काड्या माह्या, चूल तुमची. भांडन कुठी हाये?"

तो गरीब माणूस चुलीपासून बाजूला झाला. त्या दिवशी तो तुझ्या हातच्या पाच भाकरी आणि वाडगाभर भरीत जेवला आणि तुला वहिनी म्हणायला लागला. पुढे दर वर्षी फाटकापाशी उभा राहून आधी काखेत भारा आहे का ते पाहायचा, मग आपल्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर धुकं होतं. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. हे आत झोपले होते. आपण दोघी काठावरच्या दगडावर एकाच घोंगडीत बसलो होतो. धुक्यातून आधी नुसते पाय दिसले, बारीक बारीक, मग त्यांच्यावर चितळं आली आणि पाणी प्यायला वाकली. एक, दोन, मग किती ते मोजणं सुटलं. तू तासभर बोलली नाहीस. माझ्या माहितीत असं पहिल्यांदाच झालं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणालीस, "कुसुमे, हे सपनात होऊन राह्यलं का खरंखुरं?"

"खरं आहे."

"मंग चूप बस."

असे चार हिवाळे गेलो. ते चार आता मला वेगवेगळे काढता येत नाहीत. सगळे एकमेकांत मिसळून एकच लांबलचक सकाळ झाली आहे. त्या सकाळी सागाची पानं आवाज न करता पडत राहतात आणि तू त्यातलं मोठंसं उचलून, पदराला पुसून, त्याच्यावर मला भाकरी वाढतेस. काठावर एक ओंडका पडलेला असतो. तू म्हणतेस, किती चांगलं सरपण वाया जाऊन राह्यलं, आणि ओंडका उठून पाण्यात शिरतो, कारण ती सुसर असते. मी किंचाळते. तू म्हणतेस, राहू दे, वलं होतं. मोर कुठेतरी ओरडतो, ऊन झाडांतून खाली उतरत येतं आणि मला झोप येते. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपलेही असेन. लग्न झालेली, बावीस वर्षांची बाई.

परतीच्या वाटेवर मात्र आपण भांडायचो. दर वर्षी एकच भांडण. सुरुवात तूच करायचीस.

"एक सांग मले. आपन तिथं माळ्यावर बसून रोही हाकलतो, अन् हे लोक इथं मचानावर बसून त्याची वाट पाह्यतेत. त्या रोह्यानं कोनाचं खरं मानाव?"

"वहिनी, ते जंगल आहे. तिथे नीलगायींचं राज्य. शेत आपलं आहे."

"हे त्याले कोनं सांगतलं?"

"सांगायचं काय त्यात! त्याला समजतं."

"मंग माह्या हरभऱ्यात काऊन येते?"

मी पुस्तकात वाचलेलं बोलायचे आणि तू शेतातलं. शेवटी मी वैतागून म्हणायचे, जाऊ दे, तुला नाही कळायचं. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, "मले नाही कळत, तं तू समजावून सांग. मॅट्रिक तुले काहाले केलं?" ते खरंच होतं. पोरीला पुढे शिकवायचं म्हणून दादाशी आठ दिवस अबोला धरणारी तू होतीस. मी मेहकरला शिकले, शुद्ध बोलायला शिकले आणि तुझ्याशी शुद्ध भाषेत भांडायला लागले. ते भांडण अजून मिटलेलं नाही. आज इथे बसून पाहते आहे, हरभऱ्याच्या कडेच्या दोन ओळींतले घाटे कुणीतरी रात्री खाऊन गेलं आहे. तुझ्या बाजूने हा एक पुरावा धर.

आता ती संध्याकाळ.

चौथ्या वर्षी ह्यांच्या साहेबांनी ठरवलं की कचेरीतल्या चार-पाच कुटुंबांनी मिळून जायचं. बस भाड्याने घेतली. ह्यांच्या बढतीचा कागद त्या साहेबांच्या टेबलावर होता. मी तुला पत्रात कळवायला हवं होतं की ह्या वर्षी मोठी माणसं बरोबर आहेत. नाही कळवलं. तू नेहमीसारखी आलीस. टोपली, भारा, नऊवारी लुगड्याचा कासोटा आणि शिवारभर पोचणारा आवाज. साहेबांच्या बाई पुण्याकडच्या. बसमध्ये तू त्यांना विचारलंस, "तुमाले लेकरं किती वो?" तेव्हा त्या माझ्याकडे वळून हसल्या. म्हणाल्या, "काय गोड बोलतात हो ह्या!" त्या गोडाचा मला काटा बोचला, वहिनी. खरं तर राग यायला हवा होता तो त्यांचा. पण मला त्या वेळी तुझाच राग आला.

सगळ्यांसाठी भरीत तूच केलंस. सूर्य उगवायच्या आधीपासून त्या रखवालदाराच्या चुलीपुढे बसली होतीस. चौदा माणसं बोटं चाटून जेवली. मग दुपार कलल्यावर आपण सगळे तळ्याकाठच्या मचाणावर चढलो. चढताच तू मोठ्याने म्हणालीस, "हा तं आपला माळाच हाये!" साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. तू कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून बसलीस. ऊन तिरपं झालं होतं. पाण्यावर सोनेरी चकाकी होती आणि कुणी बोलत नव्हतं. थकलेली होतीस. तुझे डोळे मिटत गेले ते मी पाहिलं. माझेही मिटत होते.

तेवढ्यात समोरच्या बांबूतून रोही बाहेर आले. आधी एक मोठा काळपट नर, मागे पाच-सहा माद्या. चारही वर्षांत आपल्याला रोही दिसले नव्हते, चितळं आणि सांबरं तेवढी दिसली होती, आणि चितळा-सांबरांशी तुझं काही वैर नव्हतं. साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. कळप एकेक पाऊल टाकत पाण्याकडे येत होता. एकाचा खूर दगडावर वाजला आणि तू डोळे उघडलेस.

त्या वेळी तू ताडोब्यात नव्हतीस. तू इथे होतीस, ह्या माळ्यावर, आणि खाली तुझा हरभरा होता.

"हाऽऽ! हुर्रेऽऽ! खाल्लं वो, सारं खाल्लं! हाकला रे हाकला!"

उठून उभी राहिलीस, कुणाच्या तरी पितळी डब्याचं झाकण उचललंस आणि ते कठड्यावर असं बडवलंस की अख्खं तळं दणाणलं. रोही उधळले. झाडांवरची वानरं खेकसायला लागली. पाण्यावरचे सगळे बगळे एकदम उडाले. मग तुझे हात थांबले. तू खाली पाहिलंस. हरभरा नव्हता. मागे वळून पाहिलंस तर आम्ही सगळे तुझ्याकडे पाहत होतो.

वहिनी, मघाशी इथे एकटीच बसून मी ते आठवून खदखदून हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं ते मला एकदाही विनोदी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी पहिली हसले असते तर सगळे हसले असते, साहेबसुद्धा. तूही हसली असतीस. ती गोष्ट पुढे जन्मभर सांगायची झाली असती.

साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली. त्यांच्या बाईंनी मला विचारलं, "ह्या कोण? तुमच्या नात्यातल्या का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे तळ्याकडे पाहत होते.

"नाही हो," मी म्हटलं. "आमच्या दादाच्या शेतावर असतात. कामाला. मदतीला म्हणून आणलं."

तू दोन हातांच्या अंतरावर होतीस. माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. तोडलेलं वांगं किडकं आहे का ते फिरवून बघायचीस, तशी. मग डोक्यावरून पदर ओढून घेतलास आणि त्या बाईंना म्हणालीस, "माफी करा बाईसाहेब. शेतातली सवय हाये." आणि मचाणावरून खाली उतरलीस.

इतकंच झालं असतं तरी कदाचित मी त्याच दिवशी तुझे पाय धरले असते. पण खाली आल्यावर साहेबांच्या बाई तुला म्हणाल्या, "अहो बाई, एवढे डबे विसळून द्याल का?" त्यांना तरी काय दोष देऊ, मी सांगितलं तेच त्यांनी खरं मानलं. तू म्हणालीस, "हाव बाईसाहेब." आणि पंपाखाली बसून चौदा माणसांचे उष्टे डबे घासायला लागलीस. मी दहा पावलांवर उभी होते, साडीची किनार नीट करत. रखवालदार आला, त्याने पाहिलं, आणि तुझ्या हातातला डबा काढून घेतला. "वहिनी, ठेवा ते. मी धुतो." त्या संध्याकाळी तुला वहिनी म्हणणारा तो एकटाच होता.

परत येताना तू बसमध्ये सामानापाशी, सगळ्यात मागे बसलीस. घरी आल्यावर मी वाट पाहत होते की तू आता बोलशील, भांडशील, माझी साता जन्मांची लक्तरं काढशील. तू म्हणालीस, "मले उद्याची गाडी पाह्यजे, बाई." कुसुमे नाही, बाई. स्टेशनवर मी एक वाक्य मनात जुळवून आणलं होतं. गाडी आली, तू चढलीस, मी खिडकीशी उभी राहिले. तू म्हणालीस, "जावयाले जपजो." गाडी हलली. वाक्य माझ्याजवळच राहिलं.

बढती झाली. घरोघर पेढे वाटले, तुलाही पाठवले. दादाने लिहिलं, पेढे पोचले.

पुढच्या संक्रांतीला मी तुला बोलावलं. दादाच्या अक्षरात उत्तर आलं की कापसाचा वेचा आहे. त्याच्या पुढच्या वर्षी बोलावलं, तर वांग्यांचा तोडा आहे. तिसऱ्या वर्षी मी विचारलंच नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मनाशी म्हटलं, तिला यायचं नाही, मग सारखं सारखं बोलावून तिला तरी कशाला खोटं बोलायला लावायचं? किती समजूतदार, नाही? आम्ही जात राहिलो. मी मचाणावर बसायचे, दुर्बीण धरायचे आणि कुठलाच आवाज करायचे नाही. एकदा वाघही दिसला. घरी येऊन मी तो कुणालाच सांगितला नाही. ज्याला सांगावं असं माणूस तू होतीस.

दिवाळीला माहेरी आले की तू अगदी पहिल्यासारखी. डोक्याला तेल, मनगटं दुखेपर्यंत करंज्या, जाताना डोळे पुसणं. पुन्हा कुसुमेही म्हणायला लागली होतीस. फक्त जंगलाचं नाव तू काढायची नाहीस आणि मीही काढायची नाही. भरलेल्या घरात एकाच खोलीला कुलूप असावं आणि सगळ्यांनी त्या दारावरून गुपचूप जावं, तसं चाललं होतं आपलं.

ह्या दिवाळीला मात्र तूच नाव काढलंस. वाफ्यात निंदत होतीस. वर न पाहता म्हणालीस, "त्या तळ्यावर अजून धुकं पडते का वो?"

"पडतं."

तू हात थांबवलास. वाट पाहत होतीस. एवढं तर मला तेव्हाही कळलं.

"वहिनी, त्या वेळी…" मी म्हटलं.

"काय?"

"त्या वेळी थंडी फार होती, नाही?"

तू माझ्याकडे पाहिलंस. "हाव," म्हणालीस, "लय थंडी होती." आणि पुन्हा निंदायला लागलीस. दोन महिन्यांनी तार आली.

इथवर लिहिलं आणि दादा आला. हातात चहाचा गडू होता. त्याला माळ्यावर चढताना आताशा दम लागतो. माझ्या शेजारी बसला, चहा दिला आणि वहीकडे पाहिलं.

"काय लिहून राह्यली?"

"वहिनीला पत्र."

तो हसला नाही. "लिही," म्हणाला. "मीच वाचून दाखवो तिले तुह्ये पत्रं. दोन-दोन डाव." मग म्हणाला, "एक इचारू? इतक्या वर्सांत नाही इचारलं. तू तिले बोलावनं काऊन बंद केलं?"

घरातली रीत तुला माहीत आहे. थोरल्या भावापुढे मी कधी मान वर करून बोलले नाही. पण वाक्य आपोआप बाहेर आलं. "दादा, मी तिला मोलकरीण म्हटलं होतं. त्या जंगलात, सगळ्यांसमोर. तिने सगळ्यांचे डबे घासले आणि मी बघत राहिले."

"मले ठाऊक हाये."

मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही.

"ती घरी आली त्याच दिवशी सांगतलं तिनं," दादा म्हणाला. "अन् शपथ घातली मले. म्हने, पोरगी भेली होती, नवऱ्याच्या नोकरीचा सवाल होता. तिले काही बोलू नोका."

"मग तिला राग नव्हता आला?"

"आला होता ना. लय आला होता. तुह्यं पत्र आलं का मी कागद घेऊन बसो. काय लिहू म्हनो. तं म्हने, लिहा, कापूस हाये. दुसऱ्या वर्सी म्हने, लिहा, वांगे हायेत. कापूस तं कवाच घरात आला होता." त्याने डोळ्यांवर हात फिरवला. "तिसऱ्या वर्सी उतरला तिचा राग. संक्रांतीच्या आंधीच मले म्हने, यंदा जाईन मी. कुसुमचं पत्र येऊ द्या. पोस्टमनची वेळ झाली का ओट्यावर येऊन उभी राहे. पत्र आलं नाही. मी म्हनलं, आपनच लिहून टाकू ना, येतो म्हनून. तं म्हने, आपल्या मनानं कसं जाव? तिनं बोलावलं पाह्यजे."

"तिसऱ्या वर्षी?"

"तिसऱ्याबी, चौथ्याबी. यंदाबी उभी होती. दोन दिवस ताप होता आंगात, तरी उभी होती."

एवढं बोलून तो गडू घेऊन सावकाश खाली उतरला आणि बांधाने घराकडे निघून गेला. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता ऊन उतरत आलंय. वहिनी, तू रागावलेली होतीस तोवर मी तुला बोलावत होते, आणि तुझा राग गेला तेव्हा मी थांबले. दोन वर्षं तुझी. बाकीची सहा माझी आहेत. ती सहा वर्षं मी ज्या रागाला भीत नागपुरात बसले, तो राग जगात नव्हताच. त्याच्या जागी तू ओट्यावर उभी होतीस.

माझं चुकलं, वहिनी. मघाशी मी हे माळ्यावर उभं राहून मोठ्याने म्हटलं, तुझ्याच बोलीत. "माह्यं चुकलं वो वहिनी, लय चुकलं." आसपास कुणी नव्हतं. आवाज तुझ्याएवढा लांब जात नाही माझा.

आणि आता कळतंय की हे म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. माफीचे शब्द शोधत मी इतकी वर्षं घालवली आणि तुला ते नकोच होते. एक पोस्टकार्ड हवं होतं तुला. त्यावर एक ओळ. 'वहिनी, यंदा ये.' तेवढी लिहिली असती तर तू आली असतीस.